सलीमचे बुटके

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या बसस्टँडवर होतो. निघालो होतो त्याच्याकडेच, अमरावतीला, खेळायला! फोन ठेवला आणि तसाच गाडीत चढलो... दुसरं सुचलंच नाही.

आमचा खेळ फाशांचा. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं, लढाईचा निकाल फाशावर. गोष्ट सलीमची. पहिल्याच दिवशी त्यानं मोर्शीच्या संत्राबागेत सहा बुटके राक्षस सोडले. बुटके म्हणून ताटात संत्र्याच्या बिया मांडल्या. माझा वीर रंगराव चिलखत घातलेला, हातात तलवार. मी म्हटलं, "बस, इतकेच?" सलीम नुसता हसला. मी एकाला लोळवायचो, तेवढ्यात उरलेले सगळे टोचून जायचे. बघता बघता रंगराव आडवा! मी असा चिडलो की विचारू नका. "खेळाच्या पुस्तकात तर यांना किरकोळ म्हटलंय!"

"त्याइचं बळ नको मोजू विन्या, पाळ्या मोज. तू एकदा मारतं, ते सारे मारतात."

तो पुस्तकावर कधीच विसंबला नाही. प्रत्येक लढाई आधी घरी शबानाभाभींशी लढून बघायचा. कधी भाभी वीर, कधी बुटके. मगच आमच्यापुढे आणायचा. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी म्हणाला होता, "साप निघाला तर अख्खं गाव काठ्या घेऊन धावते. अळीले कोन भेते?" हे म्हणतानासुद्धा हातात फासे खुळखुळत होते. असा माणूस! अहो, मजा होती नुसती!

तो गेला, आता खेळही गेला, असंच मी धरून चाललो होतो. गोष्ट सांगणार कोण? काही महिन्यांनी भाभींची इद्दत, नवऱ्यामागे घरात राहून पाळायची मुदत, संपली आणि त्यांचा फोन आला. "विनोदभाऊ, रविवारी येऊन राहिले ना? गोष्ट तुमी सांगा, मी खेळतो."

गेलो. सलीमच्या जागेवर बसलो. ताटात बिया मांडल्या. भाभींनी पाहिलं.

"तीनच? कावून?"

मी फासे खुळखुळवत राहिलो.

"दया येऊन राहिली काय माही? पुरे सहा ठेवा."

सहा ठेवले. तिसऱ्याच फेरीत भाभींची वीरांगना पडली. त्या अशा ओरडल्या, अशा भांडल्या माझ्याशी, की शेजारचे दारात आले... सलीम गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणाचा तरी आवाज चढला होता.