लाकडी इंजिनाचं चाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, सुनेला नाही — देवापुढं हात जोडले तरी एवढं मात्र गिळूनच. तुम्हाला का सांगते आहे? मलाही नीट कळत नाही. पण आता एका जागी बसवत नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. कारंज्यात आमच्या दोन खोल्या. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. यांचा धाकटा भाऊ वासुदेव तिथंच कामाला, राहायचा आमच्याकडं. यांनी मुंबईहून पार्सलनं एक खोकं मागवलं होतं — लाकडाचे कापलेले सुटे भाग. नकाशा बघून जोडत जायचं, की आगगाडीचं इंजिन तयार. दांडी फिरवली की चाकं फिरणार. दर रविवारी दोघं भाऊ सतरंजीवर डोक्याला डोकं लावून बसायचे. घासायचे, सरस लावायचे, हसायचे. मी ठेवलेला चहा निवून जायचा. माझ्याशी कधी असं हसले होते का हे?

पण ते कारण नव्हे. कारणं सांगायला बसले तर पुन्हा खोटंच बोलेन.

त्या रविवारी मला माहेरी, रिसोडला न्यायचं ठरलं होतं. पिशवी भरून मी दारात उभी. हे मान वर न करता म्हणाले, "इंजिन पुरं होऊन राह्यलं आज. पुढच्या हप्त्यात जाऊ." मग वासुदेव म्हणाला, झालं की चार दिवस गावी, किन्हीराजाला नेतो, मायला दाखवतो. हे नाही म्हणाले. त्यावरून दोघांची थोडी कुरबूर झाली, आणि तसेच दोघं विहिरीवर आंघोळीला गेले.

सतरंजीवर एक दातेरी चाक उरलं होतं. लहान पुरीएवढं. मी ते उचललं आणि — चुलीत टाकलं. एकेक दात काळा पडताना बघत राहिले.

आल्यावर शोधाशोध झाली. सतरंजी झटकली, खोकं पालथं केलं.

"वाशा, तूनंच लपवलं ना? देऊन टाक."

"मी कायले लपवू, दादा? मायची आन, मले नाई माहीत."

"मंग काय चाकाले पाय फुटले?"

वासुदेवानं एकदा माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं का? मी कणीक मळत होते. मळतच राहिले. एक शब्द पुरला असता — आणि यांनी त्याच्या कानशिलात मारली.

वासुदेव त्याच दुपारी किन्हीराजाला निघून गेला. नोकरी सोडली, शेतात राबला. दुसरं चाक कापणं यांना काय अवघड होतं? पण इंजिनाला पुन्हा हात लावला नाही. भावाचं नावही घेतलं नाही. घेतलं ते शेवटच्या आजारात. "वाशा एवढं एक खरं बोलला असता तं..." मी यांच्या तोंडात पाणी घातलं.

तेराव्याला वासुदेव आला. म्हातारा झालेला. पानावर बसून हळूच म्हणाला, "वैनी, दादा माह्यावर रागातच गेला का?"

तिथं तरी सांगायचं होतं ना? मी म्हणाले, "आता कायले काढता ते, भाऊजी?" त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि आत निघून आले.

मागच्या वर्षी तोही गेला.