बाबलीने पाहिलेला तिसरा सीझन

नार्वेला नदीकाठी अक्षयच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आई शेवंतीने त्याच्या धाकट्या बहिणीला, सेजलला, शिकवू असं कबूल केलं. मामाने अर्धवट राहिलेली खोली बांधून देतो म्हटलं. कावळे माडावरून हलले नाहीत. मग बाप, बाबली, पुढे झाला. दोडामार्गाकडून डिचोलीत येऊन खाणीवरचा ट्रक चालवण्यात त्याची उमर गेली होती. त्याने पिंडाकडे बघत सांगितलं, "तिसरो सीझन मी बघतंय. कसो झालो ता तुका येऊन सांगतंय."

कावळा उतरला. कसला सीझन, हे भटजींनी विचारलं नाही.

खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात उभा राहिला, तेव्हाच अक्षयची किडनी गेली होती. डायलिसिसहून आला की तो मोबाईल उशीला टेकवून एक ॲनिमेशनची मालिका बघायचा. राखेखाली गाडलेला देश, माणसांच्या आवाजात बोलणारे राक्षस, शापाने हात काळा पडलेला एक सैनिक आणि त्याच्या पुढे कंदील घेऊन चालणारी मुलगी. बाबलीने आधी, एवढा घोडा झालास नि कार्टून बघतोस, म्हणून चिडवलं. नंतर तोही खाटेच्या कडेला बसू लागला. दुसऱ्या सीझनच्या शेवटी ती मुलगी दलदलीत बुडाली. पुढच्या भागात येईल परत, बाबली म्हणाला.

"येवची नाय," अक्षय म्हणाला. "म्हणानच ही सिरीज बरी. हेच्यात मेलेलो माणूस परत येणा नाय."

तिसरा सीझन चतुर्थीनंतर आला. सेजलने मोबाईलवर लावून दिला. दुपारी जेवून बाबली ट्रकच्या केबिनमध्ये बसायचा आणि एकेक भाग बघायचा. चित्रं घाईची वाटली. जिथे काढायचा कंटाळा आला तिथे धुकं सोडलेलं. राक्षस आता फार बोलत होते आणि कुणी त्यांना भीत नव्हतं. एक भाग मात्र खरा होता: सैनिक एका हाताने खड्डा खणतो, पुरायला काही नसतं, तरी खणतो. तो बघून बाबलीने मोबाईल बंद केला आणि तसाच स्टिअरिंग धरून बसून राहिला.

शेवटच्या भागात मुलगी परत आली. भिजलेली, दारात उभी, जेवायला काही आहे का म्हणून विचारणारी. बाबलीने तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा बघितला. संध्याकाळपर्यंत बघत राहिला. मग त्याला आपलाच राग आला.

वर्षश्राद्धाला नदीवर जाताना शेवंतीने विचारलं, काय सांगणार. तो म्हणाला, फसवलंय त्यांनी.

"बरो झालो म्हणान सांगा," ती म्हणाली. "आता कशाक तेका दुखवतास?"

पान ठेवून तो मागे सरला, उकिडवा बसला.

"बरो नाय झालो, बाबू," त्याने सांगितलं. "तेंनी तिका परत हाडल्यानी."

मग खड्ड्याचा भाग सांगितला, तो चांगला होता हेही सांगितलं. कावळा कधी उतरला ते त्याने बघितलं नाही. ती कशी आली ते तो सांगत होता. भिजलेली होती, दारात उभी होती, इथपर्यंत आला. ती काय विचारते ते मात्र त्याला सांगता येईना.