‘येऊ का’ची वहिवाट

शाळा मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो. तिसरीतच मास्तरांचं माझ्याबद्दल आणि माझं मास्तरांबद्दल मत पक्कं झालं, आणि मी औताला लागलो. पण वहिवाटीचा कायदा विचारायला लोक आजही माझ्याच दारात येतात. येणारच. वकिलांनी तो पुस्तकात वाचलाय, मी तो डोक्यावर वाहिलाय. डोक्यावर म्हणजे खरोखरीच डोक्यावर, ते पुढं कळेल.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, इंग्रजी मुलखात. नदी ओलांडली की सांगली संस्थान. आमचा मळा आत, ओढ्याच्या अंगाला. त्याच्यापुढं आण्णांचं रान आणि त्या रानापुढं गाडीरस्ता. आण्णा म्हणजे आमचे शेजारी, जैन शेतकरी, हळद पिकवावी तर त्यांनीच. वयानं माझ्या बापाच्या बरोबरीचे. आमची गाडी मळ्यातनं निघायची ती आण्णांच्या बांधाकडेनं, त्यांच्या रानातल्या खोपीवरनं जाऊन रस्त्याला लागायची. बापाची तशीच जायची, आज्याचीही तशीच.

आता रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रितीपायी घडलं. खोपीजवळ आलं की गाडी उभी करायची आणि हाळी द्यायची, “आण्णा, येऊ का?” आतनं आण्णा म्हणायचे, “या, या, पाणी पिऊन जावा.” पाणी प्यायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि बैल हाकायचे. खोपीत कुणी नसलं तरी हाळी द्यायचीच. माझी आई तर ओस खोपीला ‘येऊ का’ म्हणायची, जरा थांबायची, आणि खोप जणू ‘या’ म्हणाली अशा बेतानं पुढं चालायची. बैलांनाही सवय लागलेली. खोप आली की कासरा न ओढता उभे.

भांडण बैलावरनंच झालं. माझ्या डाव्या बैलानं जाता जाता आण्णांच्या जोंधळ्याची चार कणसं ओढली. आण्णा म्हणाले, “बैलाला मुस्कं घाल की रं.” मुस्कं म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधायची जाळी. बोलणं साधंच होतं. पण त्या दिवशी खोपीपुढं गावची चार माणसं बसलेली. चारचौघांत माझ्या बैलाला खादाड म्हणायचं म्हणजे मलाच म्हणायचं की.

मी म्हणालो, “माझा बैल काय कुत्रं हाय तोंड बांधायला? मुस्कं तुमच्या जोंधळ्याला घाला.”

दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीची काटी पडली. माझा ऊस तोडायला आलेला, गुऱ्हाळाची पाळी तोंडावर, आणि गाडी मळ्यात कोंडलेली. पंच म्हणाले, मुस्कं घाल आणि मिटव. मी म्हणालो, कोर्टाचं तोंड बघीन, पण मुस्क्याचं बघणार नाही.

तालुक्याला वकील गाठला. काळा कोट, चष्मा, भिंतभर पुस्तकं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या वाटेनं जाताना तुम्ही त्यांची परवानगी घेत होता का?”

मी ताठ मानेनं म्हणालो, “म्हंजे काय साहेब! इचारल्याबगर आमी पाऊल टाकत न्हाई. आमी काय चोर हाय?”

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, “हे पुन्हा कुणापुढं बोलू नका. दुसऱ्याच्या जमिनीतनं तुम्ही वीस वर्षं, सलग, उघडपणे, हक्कानं गेलात, तर ती वाट कायद्यानं तुमची होते. पण त्याची परवानगी घेऊन गेलात, तर शंभर वर्षं गेलात तरी तो त्याचा उपकार. उपकार उद्या बंदही करता येतो.”

“म्हंजे चोरून जायचं?”

“चोरून नाही. चोरून गेलात तरी हक्क येत नाही. सगळ्यांदेखत जायचं, पण न विचारता.”

“म्हंजे उर्मटावानी.”

वकिलांनी जरा विचार केला. “कायद्यात तो शब्द नाही,” ते म्हणाले, “पण साधारण तसंच.”

दावा लावला आणि गावात आलो ते थेट पारावर. एवढा कायदा एकट्याच्या पोटात ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी सगळ्यांना समजावून सांगितलं. एक म्हातारबा म्हणाले, “म्हंजे इतकी वर्सं आमी गुणानं इचारत बसलो आन् हक्क घालवला व्हय?” मी म्हणालो, “घालवलाच की.”

दुसऱ्या दिवसापासनं गाव बिघडलं. कुणी कुणाला काही विचारीना. शेजारीण विस्तव न्यायला यायची ती थेट चुलीपर्यंत जायची, निखारा उचलायची आणि मुक्यानं चालू पडायची. घरधनीणही कमी नव्हती. ती मागनं ओरडायची, “माझ्या परवानगीनं नेतीयास बरं का!” परवानगी दिली की हक्क होत नाही, हे मीच सांगितलेलं. त्यामुळं ज्याच्या दारावरनं बोळ जातो तो सकाळी घोंगडी टाकून उंबऱ्यात बसायचा आणि जाईल त्याला परवानगी द्यायचा. माणसाला द्यायचा, म्हशीला द्यायचा. एकाचा जावई दारात येऊन सवयीनं ‘येऊ का’ म्हणाला, तर सासरा हळूच म्हणाला, “इचारू नगंस रं गड्या, तुझा हक्क जाईल.” त्यावर सासूनं सासऱ्याचा जो समाचार घेतला, तो कुठल्या कायद्यात बसतो ते मला ठाऊक नाही.

इकडं आण्णांनीही संस्थानातला वकील गाठला होता. त्यानं त्यांना उलटी विद्या शिकवली. एका सकाळी बघतो तर वाटेवरची काटी गायब! मला वाटलं, म्हातारा शरण आला. ऊस भरला, बैल जुंपले आणि निघालो. खोपीशी आण्णा उभे, दोन्ही बाजूंना दोन साक्षीदार. बैल नेहमीसारखे थांबले. मी तोंड उघडलं नाही. तर आण्णाच म्हणाले, “ये रं. माझी परवानगी हाय.”

मी गाडीवरच थिजलो. वाट मोकळी, पण आता गेलो तर परवानगीनं गेलो असं होणार आणि दावा बुडणार. मी म्हणालो, “मला नको तुमची परवानगी.”

“दिली की पर.”

“मी घेत न्हाई.”

“मग काय करतूस?”

“माघारी जातो.”

त्या वाटेत भरली गाडी वळत नाही. मी बैल सोडले, घरची माणसं बोलावली आणि आम्ही गाडी ढकलत ढकलत उलटी मळ्यापर्यंत नेली. आण्णा आणि त्यांचे साक्षीदार उभे राहून बघत होते. पोटभर हसून झाल्यावर एक साक्षीदार गाडीला हात लावायला आला, तर आण्णांनी त्यालाही विचारलं, “परवानगी हाय का त्याची?”

त्या साली अख्खा ऊस आम्ही मोळ्या बांधून डोक्यावरनं वाहिला, ओढ्यातनं, गुडघाभर गाळातनं, लांबचा वळसा घेऊन. मी, बायको, भाऊ, भावजय. गुऱ्हाळाची पाळी चुकली, निम्मा ऊस वाळला, आणि गूळ झाला तो असा काळा, की गुळव्यानं ढेपेवर आमचं नाव घालायलाही लाज वाटते म्हणून सांगितलं. बायको एकदा ओढ्यातच थांबली. म्हणाली, “परवानगी आण्णा देत्यात, अन् वझं मी वाहते. ह्यो कसला कायदा म्हणायचा?”

“हक्काचा,” मी म्हणालो.

“मग द्या की ही मोळी त्या हक्काच्या डोस्क्यावर.”

पुढच्या सालीही वाट नाही मिळाली तर ऊस मोडून जोंधळा पेरायचा, हे तिनं मला तिथंच, गाळात उभी राहून बजावलं. आता आमच्या घरात बागाईत माझ्या बापानं आणली. ती माझ्या हातनं मोडायची म्हणजे मिशी उतरवायचीच गोष्ट. त्यामुळं निकालाकडं माझा डोळा कसा लागला असेल, बघा.

पुढचा ऊस कमरेला आला तेव्हा साक्षी निघाल्या. भाकरी बांधून निम्मं गाव कोर्टात. माझी मोठी साक्षीदार म्हणजे आई, कारण बाप मागंच वारलेला. वकिलांनी बजावलं होतं, “आईंनी एवढंच म्हणायचं, आम्ही कधी विचारलं नाही.” मी आठवडाभर आईच्या कानी तेच घोकलं. ती दर वेळी “व्हय व्हय” म्हणायची. मी समजलो, पाठ झालं.

पिंजऱ्यात उभी राहिल्यावर आण्णांच्या वकिलांनी तिला गोड आवाजात विचारलं, “आजी, त्या वाटेनं तुम्ही विचारून जात होता ना?”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही म्हण.

“मुंडी काय हालवतूस?” आई भर कोर्टात म्हणाली. मग जज्जसाहेबांकडं वळली. “इचारल्याबगर जायाला आमी काय मोकाट गुरं हाय, साहेब? लगीन होऊन आले तवा सासूनं पयल्या दिवशी शिकिवलं, खोप आली की ‘येऊ का’ म्हणायचं. आजवर एक डाव चुकले न्हाई. हे पोरगं काय सांगतंय ते सोडा, त्याला तिसरीतनं काढलाय.”

माझ्या वकिलांनी टाक खाली ठेवला. आण्णांचे वकील हसत हसत खाली बसले. दावा बुडाला, ते माझ्यासारख्यालाही दिसत होतं. डोळ्यांपुढं जोंधळा हलायला लागला.

पण जज्जसाहेबांनी मान वर केली. “आजी, आण्णा खोपीत नसले तर?”

“तरीबी इचारायचं.”

“कुणाला?”

“खोपीला.”

सगळं कोर्ट हसलं. शिरस्तेदारही हसले. आई चिडली. “हसाया काय झालं? देवळात शिरताना घंटा वाजिवता, तवा देव आतनं ‘ये’ म्हणतो व्हय?”

जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग आण्णा पिंजऱ्यात आले. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, ताठ. माझ्या वकिलांना काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी एकच गोष्ट धरली. “इतक्या वर्षांत तुम्ही यांना कधी ‘येऊ नका’ म्हणालात?”

“येऊ नका?” आण्णांना ते शब्द उच्चारायचीच शिसारी आली. “दारात आलेल्या माणसाला? आमच्या घराण्यात तसं कुणी म्हणलं न्हाई.”

“म्हणजे त्यांनी विचारलं की ‘या’ म्हणावंच लागायचं?”

आण्णांचे वकील खोकले. खोकून खोकून लाल झाले. पण आण्णा घराण्यावर आले होते, ते आता कुठले थांबतात! “म्हणावंच लागतं. माणुसकी हाय का न्हाई?”

“आणि न विचारता गेले असते तर अडवलं असतं?”

“अडवायचं कशापायी? वाट त्यांचीच, आज्यापास्नंची. पर वळण न्हाई, असं म्हणलं असतं.”

माझे वकील खाली बसले. माझ्या आईनं माझा दावा बुडवला आणि आण्णांनी त्यांचा. दोघंही मोठ्या तोऱ्यानं.

निकाल लागला. कोर्टानं काय धरलं ते सांगतो, कारण आजही लोक इथंच चुकतात. परवानगी म्हणायची कशाला? देणाऱ्याला नाकारता येईल तिला. इथं देणारा म्हणतो, नाकारणं आमच्यात बसत नाही. आणि मागणारी तर ओस खोपीलाही विचारते. म्हणजे ‘येऊ का’ ही परवानगी नव्हे, तो रामराम. रामराम घातला म्हणून माणूस आपला हक्क सोडत नाही. वाट आमच्या हक्काची, एका गाडीच्या रुंदीची, आण्णांनी अडवू नये. आणि त्या सकाळी साक्षीदारांदेखत त्यांनी जी परवानगी दिली तिलाही अर्थ नाही. घेणाऱ्यानं घेतलीच नव्हती. उलटी गाडी ढकलली ती वाया गेली नाही, हे बायकोला मी तिथल्या तिथं ऐकवलं.

पुढं आणखी एक ओळ होती. ज्याची वहिवाट आहे त्यानं ती जमीनमालकाला त्रास होणार नाही अशीच वापरली पाहिजे. सबब जाता-येता बैलांच्या तोंडाला मुस्की बांधावीत.

ते ऐकून आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

तर ऊस तयार झाला. गुऱ्हाळाची पाळी लागली. भरली गाडी घेऊन मी निघालो, दोन्ही बैलांना मुस्की, कोर्टाचा मान म्हणून. आई उसावर बसलेली. वाटेवर काटी नाही, साक्षीदार नाहीत. खोप आली आणि बैल उभे राहिले.

मी ‘येऊ का’ म्हणालो नाही. निकाल हातात असताना कशाला म्हणू? खोपीत आण्णा होते, त्यांचा रुमाल दिसत होता. पण तेही गप्प. विचारल्याबगर ‘या’ म्हणणारे ते नव्हेत. मी कासरा झटकला, चाबूक वाजवला. बैल हलेनात. त्यांना निकाल कोण समजावणार! खोपीतनं गुळाचा वास येत होता. ऊन चढत होतं. गुऱ्हाळावर चुलवाण पेटलं असणार, आणि मी हक्काच्या वाटेत, हक्कानं, खुंट्यासारखा उभा.

शेवटी उसावरनं आईच ओरडली, “आण्णा, येऊ का वं?”

“या आक्का, या!” खोपीतनं लगेच आवाज आला, जणू माणूस वर्षभर तोंडात धरून बसलेला. “पाणी पिऊन जावा.”

बैल चालू लागले. त्या साली गूळ पिवळाधमक झाला आणि ढेपेवर आमचं नाव पडलं.

पण एक ध्यानात ठेवा. मी विचारलेलं नाही. आईनं विचारलं. निकाल आहे तसा आहे.