घोरपडीला करकोच्याची मान

आबांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीचं नुसतं कौतुक म्हणून कधी केलं नाही. समोर काहीही ठेवा, ते वाकून विचारणार, "ह्याचा खुंट कुटला?" खुंट म्हणजे कलमाचं खालचं, मुळं असलेलं झाड. त्याच्यावर दुसऱ्या झाडाची काडी बांधायची. आंब्याच्या बाबतीत हा प्रश्न ठीक आहे, पण कुणी लग्नाची पत्रिका द्यायला आलं तरी आबा नवरीचा खुंट विचारत. आणि माझं दुर्दैव असं की मी त्यांची भाडेकरू होते आणि माझं कामच जोडाजोडीचं होतं.

ताथवड्याच्या एका छोट्या कंपनीत मी मोबाइलवरच्या खेळासाठी चित्रं काढते. खेळातलं जग काल्पनिक, त्यामुळे तिथली जनावरं आणि झाडंही कुठेच नसलेली. एकाचं धड, दुसऱ्याचं डोकं, तिसऱ्याची फांदी. तेव्हा मी परभणीहून नुकती आले होते आणि सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होते. आबा चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबायची प्रेस चालवून निवृत्त झालेले. पण घराण्याचा धंदा कलमांचा. चऱ्होलीतली त्यांची बरीचशी जमीन इमारतींखाली गेली, तरी घरामागच्या तुकड्यात रोपं असायची आणि लांबलांबची माणसं आबांच्याच हातचं कलम हवं म्हणून अडून बसायची.

रोज सकाळी आबा चहा घेऊन वर यायचे. नको म्हटलं तरी यायचे. मी आधी कागदावर रंगवते, मग कॉम्प्युटरवर घेते. त्यामुळे भिंत चित्रांनी भरलेली असायची, आणि आबा एकेका चित्रापुढे कारखान्यात माल तपासावा तसे उभे राहायचे.

"हे काय?"

"कासव आहे आबा. पाठीवर निवडुंग उगवतो."

"कासव पान्यात गेलं की निवडुंग कुजंल."

"हे काल्पनिक जग आहे."

"मंग तितलं पानी कोरडं असतंय व्हय?"

राग त्यांचा यायचा त्याहून जास्त स्वतःचा यायचा, कारण त्यानंतर मलाही ते कासव कुजतानाच दिसायचं. मी ते फाडून पहिल्यापासून सुरुवात करायचे. असे माझे किती कागद वाया गेले असतील, ते मलाच माहीत.

बरं, नुसत्या चुका काढून थांबावं ना. ते स्वतःचीही जनावरं सुचवायचे, आणि ती सगळी कामाची! "म्हशीला कुत्र्याचा आवाज बसव. दूध बी दील, राखन बी करंल." एकदा कणसांबरोबर शेवग्याच्या शेंगाही धरणारी ज्वारी घेऊन आले, म्हणजे एका कापणीत भाकरी आणि कालवण दोन्ही. आमच्या खेळात योद्धे होते, शापित जंगल होतं, आणि आबा त्यात संसार थाटायला निघाले होते. मी हसले की रागवायचे, नाही हसले तर "झोप झाली न्हाई का?" म्हणायचे.

प्रोबेशन संपत आलं तेव्हा माझं सगळं एका चित्रावर येऊन अडलं. घोरपडीचं धड आणि करकोच्याची मान. साहेबांनी ते तीनदा परत पाठवलं. म्हणाले, जोड दिसतो, मान चिकटवल्यासारखी वाटते; शुक्रवारी दुपारपर्यंत जमलं नाही तर पुढचं बोलण्यात अर्थ नाही. हे मी आबांना सांगितलं, ही माझी घोडचूक.

शुक्रवारी सकाळी मी आंघोळ करून आले तर आबा जमिनीवर मांडी घालून बसलेले. हातात कलमाचा चाकू. माझं चित्र त्यांनी मानेपाशी चक्क लांब तिरकं कापलं होतं आणि कलमाला बांधतात त्या प्लॅस्टिकच्या पट्टीने पुन्हा जोडलं होतं.

"तू काप आडवा घेतलावतास," ते शांतपणे म्हणाले. "आडवा जोड दिसनारच. तिरका घ्यावा लागतो, लांब. साल सालीला भिडली पायजे."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" मी ओरडले. "माझी नोकरी आहे ही, तुमची बाग नाही!"

आबांनी चहाचे कप उचलले आणि ते खाली गेले.

नवीन चित्र काढायला वेळ नव्हता. रडत रडत मी त्या कापलेल्या कागदाचा फोटो घेतला, कॉम्प्युटरवर पट्टी पुसली, आणि त्या लांब तिरक्या रेषेवर खवल्यांची हळूहळू पिसं होत जातील असं रंगवलं. साहेबांनी मानेचा जोड मोठा करून पाहिला. "आता हा जगेल," एवढंच म्हणाले. सोमवारपासून मी कायम झाले.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी आबा जिन्यात उभे होते. "झालं का पास?"

माझा राग अजून उतरला नव्हता. मी म्हणाले, "नाही. दुसरं चित्र दिलं, ते घेतलं त्यांनी."

"मंजी माजाच काप चुकला," आबा म्हणाले. मग जिना उतरता उतरता, "नोकरी ऱ्हायली न्हवं? मंग झालं."

त्यानंतरही चहा येत राहिला, पण आबा दारातच कप द्यायचे. भिंतीकडे बघायचे नाहीत. मला हवी होती ती शांतता मिळाली आणि ती मला सोसवेना. आज सांगू, उद्या सांगू असं करत मी खोली सोडून निगडीला राहायला गेले. सांगायला असा काय वेळ लागणार होता? पण खोटं बोलले हे कबूल करायची लाज वाटली, हेच खरं.

दीड वर्षाने आबा गेल्याचं कळलं. मी चऱ्होलीला गेले. त्यांच्या सूनबाई, ज्यांना मी वहिनी म्हणायचे, त्या ओट्यावर बसल्या होत्या.

"शेवटाला चाकू हातात घेईनात," त्या म्हणाल्या. "मानसं यायची कलमासाठी, तर म्हनायचे, एका पोरीचं काम माझ्या हातनं बिगडलं, आता हाताचा भरवसा न्हाई."

मी मोबाइल काढला. खेळ उघडला की पहिल्याच चित्रात तो प्राणी मान उंच करून उभा असतो. तो त्यांना दाखवला आणि म्हणाले, "वहिनी, हा आबांनी जोडलेला आहे. हाच पास झाला होता."

वहिनींनी मोबाइल जवळ धरून नीट पाहिलं.

"ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "पन ताई, हे त्यांना दावायचं हुतं की."