पहिला नंबर इस्त्रीवाल्याचा

माझी मावशी कांतिमती तमिळनाडूतल्या पाळयंकोट्टैच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरीला होती. आधी ऑपरेटर, आणि पुढे यंत्रं आपोआप फोन जोडायला लागली तेव्हा तक्रारींच्या टेबलावर. रिटायर होऊन सोळा वर्षं झाली तरी गल्लीत तिला अजून ऑपरेटरअम्माच म्हणतात. लोकांचे तातडीचे कॉल लावण्यात तिचं तारुण्य गेलं. कुणाचा बाप गेला, कुणाला मुलगा झाला, हे तिला त्या घराच्या आधी कळायचं. पण घरी येऊन ती त्यातलं अक्षरही बोलायची नाही. मला तिच्या या तोंड मिटून राहण्याचा लहानपणी फार राग यायचा.

काका गेल्यापासून ती एकटी राहते. मुलगा नायगम कॅनडात. मी गावातच, पण नदीच्या पलीकडे, मुलींच्या शाळेत गणित शिकवते. जानेवारीत मावशी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी पडली. अडीच तास तिथेच. फोन पुढच्या खोलीत फ्रिजवर, आणि शेजारी मिक्सर चालू. शेवटी फूलवाली आली तेव्हा कळलं. फक्त मनगट मुरगळलं होतं, पण नायगम तिकडे हादरला. त्याने मला तीन घड्याळांची नावं पाठवली. माणूस पडला की आपोआप फोन लावणारी घड्याळं. "ताई, तू अम्माला घेऊन जा आणि एक निवड," म्हणाला.

निवडणारी मी कोण? दुकानातल्या पोराने तिन्ही घड्याळं काचेवर मांडली आणि सुरू झाला. हे झोप मोजतं, हे पावलं मोजतं, हे ठोके मोजतं.

"माझी झोप मोजून तुला काय मिळणार आहे?" मावशी म्हणाली. "मोबाइल फ्रिजवर राहिला तर यातलं कुठलं चालेल?"

एक तिथेच बाद झालं. उरलेल्या दोघांत मोबाइलशिवाय चालणारं स्वतःचं कनेक्शन घेता येत होतं. मग मावशीने पिशवीतून औषधाची छोटी बाटली काढली. तीत तिळाचं तेल होतं. तिने बोटांना तेल चोळलं आणि एका घड्याळाच्या काचेवर बोट फिरवलं. काच ढिम्म. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अम्मा, हे काय करताय! नवीन माल आहे!"

"अरे, मी शुक्रवारी तेल लावून न्हाते. घसरले तर न्हाणीघरातच घसरणार ना, की तुझ्या दुकानात येऊन?"

दुसऱ्याला बाजूला वर आलेलं बटण होतं. ते तेलकट अंगठ्याने दाबलं तरी चाललं. मी म्हटलं, झालं काम, घेऊ या. मावशीने मात्र पोराला विचारलं, "बटण दाबल्यावर फोन कुणाला जाईल?"

"तुम्ही ज्याचा नंबर घालाल त्याला."

"आणि त्याने उचलला नाही तर?"

पोरगं हसलं. "ते काही कंपनीच्या हातात नाही, अम्मा."

"मग मी पुढच्या आठवड्यात येते," म्हणत ती उठली. मी रिक्षात तिच्यावर चिडले. एवढं ऊन, शाळेतून अर्धी रजा, आणि हिचं आपलं भलतंच! ती शांतपणे म्हणाली, "शेण्बगम, घड्याळ म्हणजे नुसती तार. पलीकडे माणूस आहे का, ते आधी बघायला नको?"

घरी येऊन तिने वहीत सात नावं लिहिली आणि आठवडाभर आम्हाला वेळी-अवेळी फोन केले. कुणालाही न सांगता. नावापुढे कितव्या रिंगेला उचलला तो आकडा, उचललाच नाही तर शून्य. नायगमपुढे बहुतेक ठिकाणी 'झोपलाय'. चेन्नईचा पुतण्या दुसऱ्या रिंगेला उचलायचा आणि "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" म्हणून ठेवून द्यायचा. त्याचं 'नंतर' अजून आलेलं नाही. शेजारचे पोन्नुसामी उचलायचे, पण त्यांना ऐकू येत नाही. आणि माझ्या नावापुढे शाळेचे पाचही दिवस शून्य. मी वर्गात असते, फोन स्टाफरूमच्या कपाटात असतो. मला वही बघून रडूच आलं.

"अगं, रागावून नाही लिहिलं," मावशी म्हणाली. "लाइन व्यस्त असली तर त्यात लाइनचा काय दोष?"

सातव्या नावापुढे ओळीने एक, दोन, एक, एक. ते नाव होतं इसक्कीमुत्तू. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली त्याची इस्त्रीची गाडी असते. बायको वेलम्मा शेजारी कपड्यांच्या घड्या घालते. मावशीने त्याला पहाटे साडेपाचला फोन लावला तर हा "आलो अम्मा" म्हणाला, आणि ती 'सहज केला होता' असं म्हणेपर्यंत दारात हजर. अंगात बनियन, डोळ्यांत झोप.

"काय झालं, अम्मा?"

"काही नाही रे. फोन तपासत होते."

"तपासा ना," तो म्हणाला. "आलोच आहे तर दूध आणून देऊ?"

मग मावशीने ते बटणाचं घड्याळ घेतलं आणि त्यात पहिला नंबर इसक्कीमुत्तूचा लागला. दुसरा वेलम्माचा. आम्हा नातेवाइकांना नुसता मेसेज. नायगमचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"अम्मा, इस्त्रीवाल्याला पहिला नंबर? मग मी काय मेलोय?"

"तू फोन उचलशीलही रे बाळा. मग काय करशील?"

त्याने फोन ठेवून दिला. नंतर तीन दिवस त्याने फोन केला नाही. खरं सांगायचं तर मीही काही शहाणपणा दाखवला नाही. मावशीने इसक्कीला घराची किल्ली दिली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "कपाटात दागिने आहेत, जरा विचार कर." तो ओट्यावरच उभा होता. त्याने नक्कीच ऐकलं.

"किल्ली नको, अम्मा," तो म्हणाला. "उद्या घरात काही इकडचं तिकडे झालं तर सगळे माझ्याकडेच बघतील. दुसरं म्हणजे, तुम्ही न्हाणीघरात असाल आणि मी पुरुषमाणूस..."

"म्हणून तर वेलम्मा आहे. तू बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहा. किल्ली तिच्याकडे दे." मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आणि दागिन्यांचं म्हणशील तर मी पडून राहिल्यावर ते काही मला उचलायला येणार नाहीत."

त्या दिवसापासून ती न्हाणीघराची कडी लावेनाशी झाली. चौऱ्याहत्तर वर्षं जी बाई कडी दोनदा ओढून बघायची, तिला हे किती जड गेलं असेल ते मला आज कळतं. तेव्हा मला त्यात नुसता विक्षिप्तपणा दिसला.

जुलैअखेर, आडी महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी दहाला मी नववीला प्रमेय शिकवत होते. मावशी डोक्याला तेल थापून न्हायला बसली, आणि उठताना पाय सरकला. धाडकन पडली असती तर घड्याळाला आपोआप कळलं असतं. पण ती बादली धरून हळूहळू खाली बसत गेली, नि घड्याळाला वाटलं बाई बसली. मग तिने अंगठ्याने बटण दाबलं.

इसक्की सांगतो की पलीकडून ओरडणं नाही, रडणं नाही. अगदी कचेरीतल्यासारखा आवाज आला. "इसक्की, मी पडलेय. कंबर हलत नाही. वेलम्माला घेऊन ये."

दोघं पळाली. कोळशाची तापलेली इस्त्री तशीच टेकलेली राहिली, माझ्याच साडीवर. शाळेच्या वार्षिकोत्सवासाठी इस्त्रीला दिलेली ती मोरपंखी साडी, तिला पदरावर वीतभर भोक पडलं. ती मी कपाटात जपून ठेवली आहे आणि कधी टाकणार नाही.

वेलम्मा आत गेली, तिने मावशीचं अंग पुसलं, साडी गुंडाळली. मगच इसक्की आत आला. दोघांनी तिला चादरीत घालून रिक्षात बसवलं आणि दवाखान्यात नेलं. मला साडेबाराच्या सुट्टीत मेसेज दिसला. मी पोचले तेव्हा मावशी ऑपरेशनला आत गेली होती. वेलम्मा बाकावर बसली होती, तिचे हात अजून तेलाने चमकत होते. मी ते हात धरले.  दागिन्यांचं बोललेलं आठवत होतं. "माझं चुकलं गं," एवढंच कसंबसं बाहेर पडलं. तिने मला पाणी दिलं.

डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय, पण वेळेत आणलं, चालतील त्या. मी समोरच्या भिंतीलाच हात जोडले.

नायगम चौथ्या दिवशी पोचला. विमानतळावरून थेट दवाखान्यात, दाढी वाढलेली. आईच्या उशाशी बसून पोरासारखा रडला. मावशी त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. इसक्की दारातच उभा. मी तीनदा सांगितलं तरी बसेना. साहेब आपल्याला काय म्हणतात याची त्याला धास्ती होती.

तेवढ्यात कचेरीतला कारकून फाइल घेऊन आला. भरती करतानाच्या कागदावर रुग्णाच्या जवळच्या माणसाचं नाव लागतं, ते त्या दिवशी इसक्कीने भरलं होतं. कारकून वैतागलेला. "सर, तुम्ही मुलगा ना? हा कागद बदलून घ्या. त्या माणसाला सांगितलं नातं लिही, तर काय लिहिलंय बघा."

नायगमने कागद घेतला. मीही वाकून पाहिलं. वाकड्यातिकड्या तमिळ अक्षरांत इसक्कीचं नाव, आणि पुढे नात्याच्या रकान्यात 'बोलावलं की येतो.'

इसक्की दारातून पुटपुटला, "इस्त्रीवाला लिहिलं होतं, साहेब. ते चालत नाही म्हणाले. मग घाईत जे सुचलं ते..."

नायगमने तो कागद पुन्हा वाचला. मला वाटलं, आता हा खिशातून पेन काढणार, नाव खोडणार. पेन त्याने काढलंच. 

"हे आहे तसंच राहू द्या," तो कारकुनाला म्हणाला आणि इसक्कीच्या ओळीखाली त्याने स्वतःचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'मुलगा' असं लिहून तो क्षणभर थांबला, मग त्याच्यापुढे कंसात आणखी एक शब्द घातला. 'दुसरा.'