ज्याचं बोअर, त्याच्या पाण्याचा चहा

हमीदभाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी पाण्यावरचं भाषण लिहीत बसलो होतो. नगरच्या एमआयडीसीतले आम्ही सात छोटे कारखानदार ज्या बड्या कंपनीला सुटे भाग पुरवतो, तिने पुण्याकडे उद्योजकांचा मेळावा ठरवला होता. निसर्ग राखून धंदा कसा वाढवायचा, हे आमच्या गटाने तिथे सांगायचं होतं. खरं तर हमीदभाईंना बोलवा, असं मीच सुचवायला हवं होतं. मी सुचवलं नाही. फोनवर त्यांची मुलगी शबाना होती. "काका, अब्बा गेले..." एवढंच म्हणाली. सकाळी नेहमीसारखे कारखान्यात आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्या समोरच्या कागदावर शेवटचं वाक्य होतं, 'जमिनीकडून घेतलेलं पाणी आम्ही जमिनीला परत देतो.' तो कागद घडी करून खिशात घातला आणि तसाच गेलो. जनाज्याला खांदा दिला, कबरीत तीन मुठी माती टाकली, आणि सगळा वेळ तो कागद खिशात होता.

त्याला आता सहा आठवडे झाले. गेलेला माणूस किती मोठा होता हे अशा लेखांत सांगायचं असतं. तेही सांगणार आहे, पण ते सांगायचं तर मी किती लहान निघालो हे वगळून चालणार नाही.

हमीदभाई मूळचे तिसगावचे. त्यांचे वडील तिथल्या बाजारात विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. लोक इंजिन कसं चालतंय ते बघायचे, वडील आधी विहिरीत वाकून पाणी बघायचे, असं हमीदभाई सांगत. तीच खोड त्यांच्यात उतरली होती. कुठेही पाणी दिलं की आधी ग्लास नाकाजवळ न्यायचे, मगच ओठाला लावायचे. लग्नाच्या पंगतीत यजमान कावराबावरा व्हायचा. आयटीआय करून ते नगरला आले, दुसऱ्याच्या लेथवर बारा वर्षं घासले आणि मग स्वतःचं छोटं फोर्जिंग टाकलं. पाठीला पाठ लावून माझी शेड होती. माझं काम प्लेटिंगचं, म्हणजे तयार भागांवर जस्ताचा नाहीतर क्रोमचा मुलामा चढवायचा. "मी लोखंड बडवतो अन् तुम्ही त्याला पावडर लावता, दिगंबरशेठ," ते म्हणायचे. "लग्न जमतं ते तुमच्यामुळं." तीस वर्षांत हा विनोद त्यांनी शंभरदा केला असेल. मला दरवेळी हसू यायचं.

गट कसा झाला तेही सांगतो. एका उन्हाळ्यात सगळ्या वसाहतीची बोअर आटली. टँकरची वाट बघत आम्ही सात जण त्यांच्या केबिनमध्ये बसून सरकारला, पावसाला आणि एकमेकांना नावं ठेवत होतो. हमीदभाई ऐकत होते. मग म्हणाले, रडायला सात जण जमलो, तर काम करायलाही सातच पुरे. तिथून सुरुवात झाली. सात कारखान्यांचा माल चाकणला कंपनीकडे सात अर्धवट भरलेल्या टेम्पोंतून जायचा, तो दोन टेम्पोंत भरून जायला लागला. शेडवर सोलर बसलं. त्यांनी स्वतःची भट्टी तेलावरून गॅसवर आणली. रस्त्याकडेला करंज आणि कडुनिंब लावले, आणि ते जगवले, हे जास्त महत्त्वाचं. सगळ्यांत मोठं काम बोअरचं. प्रत्येकाच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून खाली आणायचं, दगड, वाळू, कोळशाच्या खड्ड्यातून गाळायचं आणि मेलेल्या बोअरमध्ये सोडायचं. पहिल्याच पावसाळ्यानंतर बोअर जिवंत झाली. आमच्यातल्या एकाने तर बोअरला हार घातला होता.

हमीदभाईंनी गटाला दोन नियम घालून दिले. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाळीपाळीने एकेकाच्या कारखान्यात बैठक, आणि ज्याच्याकडे बैठक, त्याच्याच बोअरच्या पाण्याचा चहा. दुसरा नियम बाटलीचा. दर महिन्याला प्रत्येकाने आपल्या बोअरच्या पाण्याची एक काचेची बाटली त्यांच्याकडे पाठवायची. त्यावर चिठ्ठी चिकटवून ते नाव आणि तारीख लिहीत आणि केबिनच्या खिडकीत ओळीने मांडत. आठवी बाटली वसाहतीच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीवरच्या शेवंताबाईंच्या विहिरीची. ती ते स्वतः चालत जाऊन भरून आणत. एवढं कशाला, असं आम्ही म्हणालो, तर म्हणाले, "आपण जमिनीत ओततो ते उद्या कुणाच्या तरी हंड्यात निघणार. आधी आपल्या घशाखाली उतरू द्या."

आता माझं. प्लेटिंगच्या टाकीतून माल निघाला की तो पाण्यात खंगाळतात. ते पाणी फरशीवर सांडतं, मोरीला लागतं, आणि ते विषारी असतं. ते शुद्धीकरणाच्या टाकीतच जायला हवं. माझ्याकडे तशी टाकी होती, पण शेडमागची जुनी मोरी नेमकी नव्या खड्ड्यात उतरत होती. खड्डा खणताना फिटरने मला हात धरून नेऊन दाखवलं. मोरी वळवायची तर फरशी फोडावी लागणार होती आणि आठ दिवस काम बंद ठेवावं लागणार होतं. हातात मोठी ऑर्डर होती. मी म्हणालो, "आत्ता राहू दे, मागून बघू." हे वाक्य मी त्याआधी हजारदा बोललो असेन, आपण सगळेच बोलतो. त्या खड्ड्याची पूजा झाली, नारळ मीच फोडला आणि पाणी म्हणजे आई वगैरे चार वाक्यंही बोललो.

दुसऱ्या पावसानंतर माझ्या बोअरचं पाणी पिवळसर यायला लागलं. मी घाबरलो. घाबरलेल्या माणसाने काय करावं? मोरी फोडावी. मी बाटली बदलली. विकतच्या जारमधलं पाणी भरून हमीदभाईंकडे पाठवलं. एकदा पाठवलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. मग बैठकीची पाळी माझ्याकडे आली, तेव्हा चहाही जारच्या पाण्याचा केला.

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, जरासं खारट. त्याचा चहा जिभेवर बसतो. हमीदभाईंनी एक घोट घेतला, कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश सगळा चहा संपवला. बाकीचे गेल्यावर ते उठून शेडमागे गेले. बोअरची मोटर स्वतः चालू केली, बाटली भरली आणि उजेडात धरली. लिंबाच्या सरबताला असतो तसा रंग होता. त्यांनी विचारलं, किती दिवस? मी सांगितलं. मग ते खड्ड्याच्या कठड्यावर बसले. म्हणाले, शेवंताबाईंच्या विहिरीचं पाणी दोन महिने पिवळं दिसतंय. माझ्याच कारखान्यातून काही जातंय असं वाटून मी माझी सगळी गटारं उकरून काढली... चार दिवस मजूर लावले होते.

मी ते मजूर पाहिले होते. काय चाललंय म्हणून भिंतीवरून विचारलंही होतं.

तरीही मी त्यांना काय म्हणालो? पुढच्या महिन्यात बड्या कंपनीची माणसं तपासणीला येणार आहेत, हे बाहेर फुटलं तर सातही जणांची भाकरी जाईल, एवढी तपासणी होऊ द्या. यात अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे माझं नाव, गटाचं अध्यक्षपद, वर्तमानपत्रात छापून आलेला नारळ फोडतानाचा फोटो. ते फक्त म्हणाले, "मोरी आज फोडा. मी वस्तीवर जातो."

मोरी मी त्याच दिवशी फोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीच्या शाळेसमोर माणसं जमली. हमीदभाई पुढे उभे होते, मी त्यांच्या मागे. त्यांनी फार शब्द वापरले नाहीत. आमच्या कारखान्यांकडून चूक झालीय, विहिरीचं पाणी पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका, चांगल्या पाण्याची सोय होईपर्यंत मी बांधील आहे, असं सांगितलं. कुणीतरी विचारलं, नेमका कोणाचा कारखाना? ते म्हणाले, आमच्या गटाचा. तेव्हा शेवंताबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "आमच्या बांधाला तुमचाच कारखाना हाय. दुसरं कोन असंल?" हमीदभाईंनी मान खाली घातली. मीही घातली. माझे बूट त्या दिवशी नवे होते, हे मला अजून आठवतं.

त्यानंतर वस्तीवरची चार माणसं हमीदभाईंच्या कारखान्यातलं काम सोडून गेली. टँकर सातही जण मिळून पाठवत होतो, पण शिव्या एकट्या हमीदभाईंच्या नावाने पडत. दर ईदला त्यांच्या घरून शेवंताबाईंकडे शीरखुर्म्याचा डबा जायचा आणि त्यांच्याकडून तीळगूळ, बाजरीची खारोडी यायची. त्या वर्षी डबा न उघडता परत आला. पुढच्या वर्षीही आला. तपासणी कधीच होऊन गेली होती, आम्ही पासही झालो होतो. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्ही खरं का सांगत नाही? ते हातातला भाग कापडाने पुसत होते. म्हणाले, "मी सांगितलं तर ती चहाडी होईल, दिगंबरशेठ. तुम्ही सांगितलं तर माफी होईल. मी थांबतो."

दोन वर्षं थांबले. दर पहिल्या शनिवारी भेटत होतो, माझी पाळी आली की मी निमित्त काढून ती पुढे ढकलायचो. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, लग्नाचा तो विनोद मात्र तेवढ्याच आवडीने करत राहिले. मी मनात म्हणत होतो, मागून बघू.

शोकसभेला शेवंताबाई आल्या होत्या. त्यांना बोलायचं होतं. माइक नको म्हणाल्या. "चुकलं हुतं त्येंचं," त्या म्हणाल्या, "पन स्वताहून सांगाया आलं हुतं. आमी माफ केलं त्यास्नी." सभेत अनेकांनी डोळे पुसले. मी अध्यक्ष होतो. उठून दोन वाक्यं बोललो असतो तर पुरे होतं. उठलो, सर्वांचे आभार मानले आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली. मला माझी इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

आठवड्याने शबानाने बोलावून घेतलं. कारखाना आता तीच बघते. केबिन तशीच होती. खिडकीत बाटल्यांची ओळ, प्रत्येकीवर त्यांचं ठसठशीत अक्षर, कोणाचं बोअर, कोणती तारीख. टोकाला ती पिवळी बाटली. तिच्या चिठ्ठीवर त्या शनिवारची तारीख होती आणि नावाची जागा कोरी. शबाना म्हणाली, तिने एकदा त्यांना विचारलं होतं. "अब्बा म्हणाले, हे नाव मी लिहायचं नाही." हे सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती. तिला ठाऊक असणार. मी टेबलावरचं त्यांचं पेन घेतलं आणि चिठ्ठीवर माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

तिथूनच वस्तीवर गेलो. शेवंताबाई ओट्यावर मटकी निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, जारचं पाणी, बाटली, बूट... काही ठेवलं नाही. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, असं वाटत होतं. त्यांचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "म्या दोनदा डबा माघारी धाडला. आन् मेल्यावर त्यास्नी माफ केलं म्हून चार लोकांत सांगून आले... आता ह्ये म्या कुनापाशी फेडू?" त्यांची विहीर नासवली, तेवढंच आपण केलं असं मी धरून चाललो होतो. एका सरळ बाईच्या हातून एका सरळ माणसाचा अपमान मी करवला होता, हे मला त्या ओट्यासमोर कळलं.

त्या मेळाव्याला मी गेलो नाही. बड्या कंपनीला खरं काय ते लिहून कळवलंय. पुढे काय होईल माहीत नाही. गटातला एक जण माझ्यावर फार चिडला, लपवलंत तुम्ही आणि आता आम्ही का बुडायचं, म्हणाला. त्याचं चुकलेलं नाही. माझ्या बोअरचं पाणी अजूनही पिवळं येतं. ते उपसून शुद्धीकरणाच्या टाकीतून काढायचं काम सुरू केलंय. शेवंताबाईंच्या विहिरीचा रंग निवळलाय, पण प्रयोगशाळा होय म्हणेपर्यंत टँकर चालूच राहील, आता माझ्या नावाने.

गेल्या शनिवारची बैठक हमीदभाईंच्या केबिनमध्ये झाली. त्यांची खुर्ची रिकामी ठेवावी असं कुणीतरी म्हणालं, पण शबाना येऊन सरळ तिच्यात बसली, ते बरं झालं. तिने चहा मागवला. त्यांच्या बोअरच्या पाण्याचा, जड, किंचित खारट. समोर खिडकीत बाटल्यांवर ऊन आलं होतं आणि टोकाची बाटली माझं नाव घेऊन उभी होती. सगळ्यांनी ती पाहिली. मी कप नाकाजवळ नेला आणि मग प्यालो. निघताना शबानाने वहीत पुढची पाळी लिहिली. पाळी माझी आहे. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, बैठक होईल, पण माझ्याकडे चहा मिळणार नाही.