बुर्गाच्या घरचं झाड

हिंटरहाल्डे गावात नाताळचं झाड नुसतं लावून भागत नाही, त्याचं कौतुक व्हावं लागतं. नाताळ उलटला की शेजारीपाजारी घरी येतात, बैठकीच्या खोलीत झाडापुढे उभे राहतात आणि म्हणतात, "काय सुंदर झाड आहे." यजमानाने लगेच बाटली उघडून पेला भरायचा. झाड वाकडं असो, बुटकं असो, एका अंगाने टक्कल पडलेलं असो, नावं ठेवायची नाहीत. तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे सहा जानेवारीपर्यंत, हे चालतं.

वाल्बुर्गा होल्झिंगर, म्हणजे गावाची बुर्गा, या कामात पटाईत. अडतीस वर्षं तिने गावात डाक वाटली. नाताळनंतरची पहिली डाक सत्तावीस तारखेची. त्या दिवशी ती पिवळी गाडी घरी ठेवून पायीच निघायची, कारण घरं बेचाळीस, झाडं बेचाळीस आणि प्रत्येक झाडापुढे एक घोट. संध्याकाळपर्यंत पत्रं पोचायची खरी, पण शेवटची चारदोन भलत्याच घरात. कोणी कधी तक्रार केली नाही.

तिच्या स्वतःकडे मात्र झाड कधीच नव्हतं. बेकरीच्या माडीवर एका खोलीत ती भाड्याने राहायची. पलंग, टेबल आणि डोक्याला लागणारा छपराचा उतार. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे गावाला ठाऊक असलं तरी गावाने ते बोलून दाखवलं नाही. लोक तिला हौसेने घरात घेत, पण तिच्याकडे कोणी येत नसे. त्यात कोणाचा दोष नव्हता. पाहुण्याला बसवणार कुठे?

यंदा वसंतात ती निवृत्त झाली आणि जुन्या मास्तरांच्या घराचा तळमजला तिला मिळाला. बैठकीची खोली, दोन खिडक्या, दिवाण. खोलीत पाऊल टाकताच तिने मनाशी ठरवलं, यंदा आपल्याकडे झाड येणार आणि त्याचं कौतुक करायला माणसं येणार. त्रेसष्टाव्या वर्षी एवढी साधी हौस कोणाला सांगायची तिला लाज वाटली.

म्हणून झाड घ्यायला ती गावातल्या कोणाकडे न जाता पलीकडच्या खोऱ्यातल्या आलोइसच्या शेतावर गेली. तिने फांद्या वाकवून पाहिल्या, बुंधा जमिनीवर आपटून किती सुया गळतात ते पाहिलं, चार झाडं नापास केली.

"झाड घ्यायला आलीस की माझी परीक्षा घ्यायला?" आलोइस म्हणाला.

"दोन्ही."

"हे घे. परवाच तोडलंय. बुंध्याचा बोटभर तुकडा कापून देतो, म्हणजे पाणी ओढेल. तळघरात बादलीत ठेव आणि चोवीसला आत आण. शेगडीपासून लांब. पाणी रोज बघायचं."

"मला शिकवू नकोस. बेचाळीस घरांतल्या झाडांचे हाल पाहिलेत मी. कोण पाण्यात साखर घालतं, कोण डोकेदुखीची गोळी. सगळं पाठ आहे."

"बरं. स्टँड केवढं आहे तुझं?"

"आईचं आहे. लोखंडी."

"याचं खोड जाड आहे हं. मोठं स्टँड घेऊन टाक."

"घरात धडधाकट स्टँड असताना?" बुर्गा म्हणाली. हिंटरहाल्डेतल्या कुठल्याही बाईने हेच उत्तर दिलं असतं. तिथे चिंधीसुद्धा तीनदा ठिगळ लावल्याशिवाय टाकत नाहीत.

चोवीसला दुपारी ती झाड तळघरातून वर घेऊन आली तेव्हा खोड आईच्या स्टँडात काही शिरेना. दोन बोटं जाड भरत होतं. बुर्गा स्वयंपाकघरातला सुरा घेऊन खाली बसली आणि गाजर सोलावं तसं तिने ते चहूबाजूंनी तासून काढलं. मग झाड असं फिट्ट बसलं की तिला स्वतःचाच अभिमान वाटला. झाड पाणी पितं ते सालीलगतच्या थरातून, आणि तोच तिने सोलून टाकला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. स्टँडातलं पाणी दुसऱ्या दिवशी होतं तेवढंच, तिसऱ्या दिवशीही तेवढंच. बुर्गा म्हणाली, झाड गुणी आहे, कमी पितं.

टेबलावर तिने सहा नवे पेले मांडले, नासपतीच्या कडक दारूची, श्नाप्सची, बाटली ठेवली, सुक्या फळांचा पाव कापून फडक्याखाली झाकला. सव्वीसला कोणी आलं नाही. सत्तावीसला खिडकीतून नवा डाकवाला दिसला. घरोघरच्या पेटीत पत्रं टाकून तो पंधरा मिनिटांत गावाबाहेर. आपणच निघावं असं तिला वाटत होतं, पण ज्याच्या घरी झाड, त्याने घरी असायला हवं. आपण बाहेर आणि नेमकं कोणी येऊन परत गेलं तर? नववर्षाच्या प्रार्थनेलाही ती मागच्या बाकावर बसली आणि सगळ्यांच्या आधी उठून घाईने घरी आली.

तोवर सुया गळू लागल्या होत्या. सकाळी झाडून घ्यावं, दुपारी पुन्हा तेवढाच कचरा. चार तारखेला फांद्या उघड्या पडल्या आणि सजावटीला लावलेल्या गवताच्या काडीच्या चांदण्या सुतळीवर वाळत घातल्यासारख्या लोंबू लागल्या. झाड बाहेर फेकावं असं तिला दोनदा वाटलं. पण मग कोणी आलं तर दाखवायचं काय? तिच्या मनाला फार लागलं होतं. अडतीस वर्षं आपण दारोदार कौतुक करत फिरलो, ते लोकांनी पगारातच धरलं की काय?

सहा तारखेला ती चर्चला गेली नाही. अकराच्या सुमाराला दार वाजलं. शेजारची ट्रूडल होती आणि तिच्यामागे टोपी हातात घेऊन तिचा नवरा, हेरमान सुतार. हेरमान दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन लाकडाशी.

"आजारी आहेस का गं?" ट्रूडलने विचारलं.

"नाही."

"मग रागावलीस? आमचं काही चुकलं?"

"कशावरून?"

"आता कशावरून म्हणतेस? गावात एक बाटली उघडली नाहीये. हा बघ, दहा दिवस कपाटाकडे टक लावून बसलाय. तू आल्याशिवाय सुरुवात कोण करणार?"

"मीच कशाला हवी? कोणीही जावं कोणाकडे."

"माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. आमच्या झाडापुढे दरवर्षी पहिली तूच उभी राहिलीस. सासूबाईंनी मला सांगून ठेवलं होतं, बुर्गा येऊन गेली की मग इतर. सगळ्यांकडे असंच. आता लोक म्हणतायत, नोकरी होती तोवर यायची, आता आपण तिचे कोण."

बुर्गा दाराला धरून उभी राहिली.

"मी तुमची वाट बघत होते," ती म्हणाली.

"आमची? ती कशाला?"

"माझ्याकडे झाड आहे."

ट्रूडलने नवऱ्याकडे पाहिलं. दोघांनी बूट पुसले आणि आत आले.

खोलीच्या मधोमध ते उभं होतं. हिरवं म्हणावं असं त्याच्यावर शेंड्याकडचं मूठभर. ट्रूडलने तोंड उघडलं, पण ठरलेलं वाक्य काही बाहेर पडेना. ते तिने खोटंच म्हटलं असतं तरी बुर्गाने समजून घेतलं असतं. तिने स्वतः ते याहून बरं नसलेल्या झाडांपुढे न अडखळता म्हटलं होतं.

हेरमान पुढे झाला. झाडाभोवती एक फेरी मारली, गुडघ्यावर बसला आणि बुंध्यापासून हात पोचेल तिथपर्यंत त्याने खोडावरून अंगठा फिरवला.

"खोड सरळ आहे," तो म्हणाला. "कुठे पीळ नाही, वाक नाही. चाळीस वर्षं लाकडात काढली मी. असं क्वचित बघायला मिळतं."

दीड हजारांवर झाडांना बुर्गाने आजवर सुंदर म्हटलं होतं. त्यातल्या एकाकडेही तिने इतकं नीट पाहिलं नव्हतं. तिने बाटली उघडली आणि हेरमानचा पेला भरायला घेतला. तिला रडू फुटलं. पेला भरून श्नाप्स टेबलावर सांडली तरी ती ओतत होती, आणि हेरमानने पेला काही मागे घेतला नाही.